बॅगा भरल्या, पण घराचं काय?

जर्मनीतल्या नोकरीची ऑफर आली की सगळे व्हिसा, तिकीट आणि थर्मलच्या मागे लागतात. पण निघण्याआधीची खरी कामं असतात ती इकडची. ओटीपीपासून आई-बाबांच्या मेडिक्लेमपर्यंत सगळ्याचा हा हिशेब...

ऑफर लेटरची पीडीएफ येते आणि घराचा नूरच पालटतो. आई पेढ्यांची ऑर्डर देते, बाबा गूगल मॅपवर श्टुटगार्ट शोधतात, मित्रांच्या ग्रुपवर 'पार्टी कधी?' सुरू होतं. मग लिस्टा निघतात. जॅकेट, बूट, प्रेशर कुकर, मेतकूट, लोणचं, चार्जर. महिनाभर डायनिंग टेबलवर वजनकाटा मुक्काम ठोकून असतो. तेवीस किलोंत संसार बसवण्याची कसरत चालते.

या लिस्टेत एक पान मात्र हमखास कमी असतं. तुम्ही विमानात बसल्यावर इकडे काय काय अडणार आहे, याचं पान! बँकेतलं खातं, फ्लॅटचा हप्ता, मोबाइल नंबर आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे साठीपलीकडचे आई-बाबा. हे सगळं एरवी तुमच्या जिवावर आपोआप चालू असतं. ते तुमच्याशिवाय चालू राहील अशी सोय लावायला दोन-तीन महिने लागतात, आणि ती लावायची वेळ जाण्याआधीचीच. तिकडून फोनवर हे जमत नाही.

सध्या जर्मनीची हवा आहे, म्हणून उदाहरण तिकडचंच घेऊया. पुण्याला तर जर्मनी काही नवीन नाही. मॅक्स म्युलर भवनात आणि रानडे इन्स्टिट्यूटमध्ये 'डेअर, डी, दास' घोकून गेलेल्या पिढ्या आहेत. चाकणला २००९ पासून फोक्सवॅगनचा कारखाना उभा आहे. त्यात ऑक्टोबर २०२४ मध्ये जर्मनीनं कुशल भारतीयांसाठीच्या व्हिसांची वर्षाची संख्या २० हजारांवरून ९० हजारांवर नेण्याचं जाहीर केलं. त्याच वर्षी महाराष्ट्र सरकारनं बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याला कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करारही केला. त्यामुळे प्रत्येक सोसायटीत निदान एक तरी बॅग भरली जातेय. देश दुसरा असला तर नियम बदलतील, पण इकडची लिस्ट जवळपास हीच राहील.

आधी तिकडचं, झटपट

इंजिनीअर आणि आयटीवाल्यांचा लाडका परवाना म्हणजे ईयू ब्लू कार्ड. त्यासाठी पदवी आणि ठरावीक पगार लागतो. २०२५ साठी ही मर्यादा वर्षाला ४८,३०० युरो होती. आयटी, इंजिनीअरिंग, वैद्यकीय अशा माणसं कमी असलेल्या क्षेत्रांसाठी ४३,७५९.८० युरो. हा आकडा दर वर्षी बदलतो, म्हणून अर्ज करताना त्या वर्षीचाच बघा. ब्लू कार्डवाल्यांच्या नवऱ्याला किंवा बायकोला व्हिसासाठी जर्मनची परीक्षा द्यावी लागत नाही आणि तिकडे लगेच नोकरीही करता येते. लग्न ठरलेल्यांनी हे नीट लक्षात ठेवा!

तुमची पदवी जर्मनीत चालते का, हे 'अनाबिन' नावाच्या सरकारी डेटाबेसमध्ये दिसतं. विद्यापीठाच्या नावासमोर 'एच प्लस' आहे का आणि तुमची पदवी यादीत आहे का, दोन्ही बघायचं. पदवी सापडली नाही तर तिथल्या झेडएबी या संस्थेकडून पदवी तुल्य असल्याचं सर्टिफिकेट मागवावं लागतं. त्यात वेळ जातो, म्हणून हे काम सगळ्यात आधी.

आता पगार. युरोचा आकडा रुपयांत गुणून खूश होण्याचा मोह प्रत्येकाला होतो. होऊ द्या, पण फक्त पाच मिनिटं. करारावर लिहिलेला पगार 'ब्रुटो', हातात येतो तो 'नेटो'. इन्कम टॅक्स, पेन्शन, हेल्थ इन्शुरन्स, बेकारी विमा सगळं कापून एकट्या माणसाच्या हातात साधारण साठ-पासष्ट टक्के उरतात. लग्न झालंय पण जोडीदार अजून पुण्यातच आहे, तर टॅक्सच्या दृष्टीनं तुम्ही बहुधा एकटेच धरले जाता. हिशेब त्या पैशांत करा.

पहिला पगार महिनाअखेरीला येणार आणि त्याआधी घराचं डिपॉझिट द्यायचं. कायद्यानं घरमालक जास्तीत जास्त तीन महिन्यांचं 'कोल्ड रेंट' म्हणजे हीटिंग वगैरे सोडून असलेलं भाडं डिपॉझिट म्हणून घेऊ शकतो. ते तीन हप्त्यांत देण्याचा हक्क तुम्हाला आहे. भाड्याच्या बऱ्याच घरांत किचनच नसतं, हे ऐकून आपल्याकडे कुणाचा विश्वास बसत नाही. पण नसतं! ओटा, कपाटं, सिंक, सगळं आधीचा भाडेकरू काढून घेऊन जातो. तेव्हा निदान दोन-तीन महिन्यांचा खर्च सोबत हवा.

घरात शिरल्यापासून दोन आठवड्यांत 'आनमेल्डुंग', म्हणजे पत्त्याची नोंदणी. त्यासाठी घरमालकाचं सहीचं पत्र लागतं. भाडं ठरवतानाच विचारून घ्या की हे पत्र मिळणार का. ते नाही तर नोंदणी नाही, नोंदणी नाही तर टॅक्स नंबरचं पत्र नाही. आणि लेटरबॉक्सवर तुमचं आडनाव चिकटवा. तिकडे फ्लॅट नंबर हा प्रकार सहसा नसतो, पोस्टमन आडनाव बघून टपाल टाकतो. आडनाव नाही, तर पत्र आल्या वाटेनं परत.

आणखी एक. जर्मन करारात बहुधा सहा महिन्यांचा प्रोबेशन असतो आणि त्या काळात दोन आठवड्यांच्या नोटिशीवर कुणीही कुणाला रामराम करू शकतं. म्हणून पहिल्या सहा महिन्यांत पुण्यातलं सगळं विकून टाकण्याची घाई नको. गाडी विका, पण फ्लॅटचा निर्णय थांबवा.

नावात बरंच काही आहे

कागदपत्रांत आपल्या मराठी लोकांचा खास घोळ म्हणजे मधलं नाव. आपल्या पासपोर्टवर 'गिव्हन नेम'च्या रकान्यात स्वतःच्या नावापुढे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं. जर्मन क्लार्कच्या लेखी ती दोन्ही तुमचीच नावं! त्यामुळे बँक कार्डावर, इन्शुरन्स कार्डावर बाबांचं नावही झळकतं. त्यात हसण्यापलीकडे नुकसान नाही. गडबड होते ती नाव प्रत्येक कागदावर वेगळं असल्यावर. दहावीच्या सर्टिफिकेटवर आडनाव आधी, पासपोर्टवर शेवटी. डिग्री माहेरच्या नावाची, आधार सासरच्या. जन्मदाखल्यावर तर कधीकधी बाळाचं नावच नसतं, कारण नोंद झाली तेव्हा बारसं व्हायचं होतं!

हे सगळं महापालिकेत जाऊन इकडेच सरळ करून घ्या. लग्नाचं रजिस्ट्रेशन केलं नसेल तर तेही. आणि अपोस्टिलवर पैसे घालवण्याआधी एक गोष्ट तपासा. भारत २००५ मध्ये अपोस्टिलच्या आंतरराष्ट्रीय करारात सामील झाला, तेव्हा जर्मनीनं त्यावर आक्षेप नोंदवला होता. म्हणून कोणता कागद कोणत्या रूपात हवा, हे ज्या ऑफिसला तो द्यायचा आहे त्यांनाच विचारा. एजंट सांगतो म्हणून सरसकट सगळ्यावर शिक्के मारून घेऊ नका.

नंबर जपा, नंबर!

आता इकडचं. सुरुवात सगळ्यात छोट्या वस्तूपासून करू, सिमकार्डापासून.

तुमचं बँकिंग, आधार, इन्कम टॅक्स, पीएफ, म्युच्युअल फंड, सगळ्याच्या किल्ल्या त्या एका दहा आकडी नंबराला लटकलेल्या आहेत. ओटीपी आला नाही की दार बंद. आणि हा नंबर कंपनीचा असेल तर राजीनाम्याबरोबर तो परत जाणार! दोन महिने आधी सगळीकडे स्वतःचा नंबर देऊन टाका. तो पोस्टपेड असेल तर स्वस्त प्रीपेड प्लॅनवर आणा. निघण्याआधीच इंटरनॅशनल रोमिंग सुरू करून घ्या, कारण तिकडे पोचल्यावर ते सुरू करायला पुन्हा ओटीपीच लागू शकतो. ट्रायच्या नियमानुसार ९० दिवस काहीच वापर नसेल तर प्रीपेड नंबर बंद होऊ शकतो, तेव्हा रिचार्जची तारीख कॅलेंडरमध्ये टाका. फोन दोन सिमचा हवा. एकात पुणे, दुसऱ्यात जर्मनी.

'मग जर्मन नंबरवरच यूपीआय चालवू की!' असं म्हणाल तर जपून. परदेशी नंबरांवर यूपीआयची सोय २०२३ मध्ये जाहीर झाली, तेव्हा पहिल्या १० देशांत जर्मनी नव्हतं. भारतीय नंबर जिवंत ठेवणं हाच सरळ मार्ग.

नंबर आईच्या फोनमध्ये ठेवून जाण्याची आयडिया बरेच जण करतात. मग ऑफिसच्या मीटिंगमधून फोन, 'आई, मेसेज आला का? सहा आकडे वाच.' आई चष्मा शोधेपर्यंत ओटीपी संपलेला असतो. शिवाय, कुणालाही ओटीपी सांगायचा नाही, असं आपण आईला शिकवायचं आणि रोज तोच तिच्याकडून वाचून घ्यायचा, हे काही बरोबर नाही.

एनआरआय कधीपासून?

नोकरीसाठी देश सोडला की फेमा कायद्याच्या दृष्टीनं तुम्ही अनिवासी होता. त्यामुळे तुमचं साधं सेव्हिंग्ज खातं तसंच चालू ठेवता येत नाही. ते 'एनआरओ' करून घ्यावं लागतं. भाडं, डिव्हिडंड, जुने पैसे असं भारतातलं उत्पन्न या खात्यात. तिकडून पगारातले पैसे पाठवायचे असतील तर 'एनआरई' खातं. त्यातले पैसे केव्हाही परत नेता येतात आणि एनआरआय असेपर्यंत त्याच्या व्याजावर भारतात टॅक्स नाही. एनआरओच्या व्याजावर मात्र बँक ३० टक्के आणि वर सेस असा टीडीएस कापते, पहिल्या रुपयापासून. फॉर्म, फोटो, व्हिसाची कॉपी, सह्या हे ब्रँचमध्ये तासाभराचं काम. तिकडून करायला गेलात तर कुरिअर आणि अटेस्टेशनचं आठवड्यांचं.

चालू पीपीएफ मुदत संपेपर्यंत ठेवता येतो, पुढे वाढवता येत नाही. नवीन उघडता येत नाही. म्युच्युअल फंड आणि डीमॅटचं केवायसी बदलावं लागतं. परदेशात नोकरीसाठी जाताना पीएफ काढता येतो, पण सलग पाच वर्षं भरायच्या आत काढलात तर टॅक्स बसतो. कंपनीच तुम्हाला काही वर्षांसाठी जर्मनीत पाठवत असेल तर 'सर्टिफिकेट ऑफ कव्हरेज' हा शब्द एचआरसमोर उच्चारा. भारत आणि जर्मनी यांच्यात सामाजिक सुरक्षेचा करार आहे. हे सर्टिफिकेट असलं की तुमचा पीएफ इकडे चालू राहतो आणि तिकडच्या पेन्शनसाठी दुसऱ्यांदा पैसे कापले जात नाहीत.

टॅक्समध्ये एक तारीख फार मोलाची आहे. नोकरीसाठी देश सोडणारा भारतीय त्या आर्थिक वर्षात भारतात १८२ दिवसांपेक्षा कमी राहिला, तर त्या वर्षी तो टॅक्ससाठीही अनिवासी. दिवस १ एप्रिलपासून मोजायचे. म्हणजे २८ सप्टेंबरच्या आत उड्डाण झालं तर तुम्ही अलीकडे, ऑक्टोबरात झालं तर पलीकडे! पलीकडे गेलात की त्या वर्षीचा जर्मनीतला पगारही भारतातल्या रिटर्नमध्ये दाखवावा लागतो. दोन देशांत डबल टॅक्स टाळण्याचा करार आहे, त्यामुळे दुहेरी भुर्दंड बसू नये, पण कागदपत्रं वाढतातच. आणि ऑगस्टमध्ये गेलात, पण दिवाळीला परत आलात, तर ते दिवसही मोजले जातात. जॉइनिंगची तारीख तुमच्या हातात असेल तर सीएला एक फोन कराच.

फ्लॅट, हप्ता आणि सही

हौसेनं घेतलेल्या टू बीएचकेचं काय? भाड्यानं देणार असाल तर लिव्ह अँड लायसन्स करार रजिस्टर करणं महाराष्ट्रात सक्तीचं आहे. सोसायटीला कळवा. तुम्ही राहत नसल्याबद्दल सोसायटी नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस लावते, पण ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाहीत. आणि एक बारीक मुद्दा, जो बरेच जण विसरतात. घरमालक एनआरआय झाला की भाड्यातून टीडीएस कापून भरण्याची जबाबदारी भाडेकरूवर येते. त्या बिचाऱ्याला हे आधीच सांगा, नाहीतर दोघांना नोटिसा.

हे सगळं बघायला इकडे कुणीतरी हवं, सहीच्या अधिकारासकट. त्यासाठी पॉवर ऑफ अॅटर्नी. 'घे सगळे अधिकार' अशा थाटाची जनरल पॉवर देण्यापेक्षा कामाची यादी लिहून स्पेशल पॉवर द्या. भाडेकरार करणं, सोसायटीत उभं राहणं, मीटर बदलणं, टॅक्स भरणं, एवढंच. विक्रीचा अधिकार त्यात घालायचा की नाही, हे ठरवून लिहा. भावाला दिली तरी लिहा. नात्याचा आणि कागदाचा हिशेब वेगळा ठेवला की दोन्ही टिकतात. जाण्याआधी केलीत तर काम एका दिवसाचं. राहून गेलं तर जर्मनीतल्या भारतीय दूतावासात किंवा वाणिज्य दूतावासात जाऊन सही करायची, कागद इकडे पाठवायचा आणि तो इकडे पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर स्टॅम्प ड्युटी भरायची.

आणि हो, नॉमिनी. पहिल्या नोकरीत लागलात तेव्हा आईचं नाव टाकलं होतं, नंतर लग्न झालं, पण फॉर्म तसाच! खातं, पीएफ, टर्म इन्शुरन्स, डीमॅट, सगळीकडे एकदा बघून घ्या. टर्म इन्शुरन्सवाल्यांना नवा देश कळवा. जमलं तर साधं मृत्युपत्रही करा. तिशीत मृत्युपत्र म्हटलं की घरातले 'काहीतरीच अभद्र' म्हणून गप्प करतात. पण दोन देशांत मालमत्ता असलेल्या माणसाच्या मागे राहिलेल्यांना विचारा.

आई-बाबांचा मेडिक्लेम

आता सगळ्यात नाजूक पान.

शहरातल्या कितीतरी आई-बाबांचा हेल्थ इन्शुरन्स म्हणजे मुलाच्या किंवा मुलीच्या कंपनीची ग्रुप पॉलिसी. राजीनामा दिला, शेवटचा दिवस झाला, की त्या पॉलिसीतून तुमच्याबरोबर तेही बाहेर. तुम्ही फ्रँकफर्टच्या विमानात आणि बाबा त्याच दिवसापासून विम्याशिवाय! हे अनेकांच्या लक्षात येतं ते थेट अॅडमिशन काउंटरवर.

नवी पॉलिसी घ्यायला जावं तर बीपी, शुगर, गुडघे असं आधीपासून असलेल्या आजारांना वेटिंग पीरियड. २०२४ च्या नियमांनी त्याची कमाल मर्यादा चारवरून तीन वर्षांवर आली, पण तीन वर्षंही थोडी नाहीत. यावर उपाय आहे. ग्रुप पॉलिसीतून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं आणि तोवर पूर्ण झालेल्या वेटिंग पीरियडचा हिशेब सोबत येतो. मात्र अर्ज पॉलिसी चालू असतानाच करायचा असतो. नोटीस पीरियड सुरू झाला की त्याच आठवड्यात एचआर आणि विमा कंपनीशी बोला. तपासण्या, प्रीमियम, कंपनीच्या अटी या सगळ्यात महिना सहज जातो.

'त्यांना तिकडेच नेऊ' हा विचार प्रत्येकाच्या मनात येतो. जर्मनीनं यात एक दार किलकिलं केलंय. ज्या कुशल कर्मचाऱ्याला तिथला संबंधित परवाना १ मार्च २०२४ ला किंवा त्यानंतर पहिल्यांदा मिळाला, त्याला आई-वडिलांना राहायला बोलावता येतं. जोडीदारही कायम सोबत राहत असेल तर सासू-सासऱ्यांनाही. अट अशी की त्यांचा पूर्ण खर्च आणि पूर्ण हेल्थ इन्शुरन्स तुम्ही दाखवायचा. खरी अडचण इथे आहे. तुमच्या सरकारी विम्यात जोडीदार आणि मुलं बसतात, आई-बाबा बसत नाहीत. आणि पासष्टीच्या माणसाला तिकडचा खाजगी विमा मिळणं अवघड, मिळाला तर महाग. त्यामुळे बहुतेकांच्या वाट्याला येतो तो शेंगेन व्हिजिटर व्हिसा. १८० दिवसांत ९० दिवस आणि किमान ३० हजार युरोंचा ट्रॅव्हल इन्शुरन्स. म्हणजे वर्षातले बाकीचे महिने ते पुण्यातच असणार. तयारी त्या महिन्यांची करायची.

ती करायची कशी? एक फाइल बनवा, साधी, प्लॅस्टिकची. त्यात दोघांचे रक्तगट, रोजच्या गोळ्या, अॅलर्जी, नेहमीचे डॉक्टर, पॉलिसीची कॉपी, कॅशलेस कार्ड, जवळच्या कोणत्या हॉस्पिटलात कॅशलेस चालतं त्याची नावं. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत १०८, म्हणजे अॅम्ब्युलन्स. फाइल फ्रिजवर ठेवा, तिचे फोटो तुमच्या फोनमध्ये. घराची एक किल्ली शेजारी. हॉस्पिटलात तासाभरात पोचेल अशी दोन माणसं पक्की करा आणि त्यांना तसं स्पष्ट विचारा. 'तो काय, येईलच' असं धरून चालू नका. बायको किंवा बहीण मागे राहणार असेल तर हे सगळं तिच्यावरच पडणार, हे गृहीत धरण्याआधी तिलाही विचारा.

पैशांची सोयही हवी. आई-बाबांच्या खात्यावर तुमचं नाव 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' असेल तर ते एनआरआय झाल्यावरही राहू शकतं, फक्त बँकेला कळवा. लाख-दोन लाख त्यांच्या हाताशी, त्यांना स्वतः काढता येतील असे ठेवा. फिक्स्ड डिपॉझिटच्या पावत्या रात्री दोन वाजता कामाला येत नाहीत.

रात्री दोनवरून आठवलं. हिवाळ्यात जर्मनी आपल्यापेक्षा साडेचार तास मागे, उन्हाळ्यात साडेतीन. तुम्ही जेवून निवांत दहाला फोन लावाल तेव्हा पुण्यात दीड किंवा अडीच वाजलेले असतील. आई जागी असेल, 'नाही रे, झोपले नव्हते' असंही म्हणेल. पण रोजची वेळ त्यांच्या सोयीची ठरवा, तुमचा लंच ब्रेक हा सगळ्यात झकास.

एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांना 'डिजिटल अरेस्ट'वाले हुडकून काढतात, हे तर आता रोजचंच आहे. व्हिडिओ कॉलवर अटक करण्याची कायद्यात सोय नाही, हे दोघांनाही दहा वेळा सांगा. 'तुमच्या मुलाच्या पार्सलमध्ये ड्रग्ज सापडलेत' असा फोन आला तर आधी ठेवायचा, मग तुम्हाला लावायचा. पैसे गेलेच तर लगेच १९३०. हा नंबरही त्या फाइलवर.

बॅगेत काय नको

इतकं गंभीर झाल्यावर आता बॅग. जर्मनीत वीज आपल्यासारखीच, २३० व्होल्ट. तेव्हा मिक्सर खुशाल न्या, फक्त तीन पिनांसाठी अॅडाप्टर हवा. रात्री दहानंतर मात्र तो लावू नका. शांततेच्या वेळा तिकडे पाळल्या जातात आणि रविवारचा तर पूर्ण दिवस शांततेचा. रविवारी दुकानंही बंद, म्हणून पोचण्याचं विमान शनिवार रात्रीचं असेल तर निदान रविवारपुरता खाऊ सोबत ठेवा.

दूध आणि मांसाचे पदार्थ युरोपियन युनियनमध्ये बाहेरून आणायला बंदी आहे. म्हणजे आजीचं साजूक तूप आणि पेढे विमानतळावरच राहतील. ताजी फळं आणि पाल्यालाही रोगमुक्तीचं सर्टिफिकेट लागतं, त्यामुळे हापूस आणि कढीपत्ता बाद. सूट फक्त पाच फळांना: अननस, केळी, खजूर, ड्युरियन आणि... नारळ! देवाची काळजी मिटली. मेतकूट, गोडा मसाला, चटण्या बिनधास्त न्या. औषधं साधारण तीन महिन्यांची, प्रिस्क्रिप्शनसकट. लायसन्स जर्मन भाषांतरासह न्या, पण ते सहाच महिने चालतं. पुढे थिअरी आणि ड्रायव्हिंगची परीक्षा तिकडे नव्यानं.

आणि भाषा. ऑफिसात इंग्लिश चालेल, पण व्हिसा वाढवणारं ऑफिस, घरमालक आणि डॉक्टरची रिसेप्शनिस्ट जर्मनच बोलणार. शिवाय भाषेला थेट बक्षीस आहे. ब्लू कार्डवाल्याला कायमच्या वास्तव्याचा परवाना ए-१ पातळीवर २७ महिन्यांनी मिळू शकतो, बी-१ असेल तर २१ महिन्यांनी.

काउंटडाउन

९० दिवस आधी: पदवी, जन्मदाखला, मॅरेज सर्टिफिकेट, नावातले घोळ. भाषेचा क्लास. सीएशी उड्डाणाच्या तारखेची चर्चा.
६० दिवस: आई-बाबांच्या पॉलिसीचा अर्ज. सगळीकडे स्वतःचा मोबाइल नंबर. नॉमिनी.
३० दिवस: पॉवर ऑफ अॅटर्नी, भाडेकरू, सोसायटी. गाडी विकली तर आरटीओत नाव बदलल्याची खात्री.
१५ दिवस: बँकेत एनआरओ-एनआरईचे फॉर्म, केवायसी. दातांची तपासणी (तिकडे अपॉइंटमेंटची वाट बघावी लागते). जवळची फाइल आई-बाबांसोबत बसून वाचणं.
७ दिवस: रोमिंग सुरू, एकदा ओटीपी तपासून. सगळ्या कागदांचे स्कॅन दोन ठिकाणी.
आदला दिवस: बॅग. एवढ्यासाठी एक दिवस पुरतो!

शेवटचा मुद्दा कोणत्याच लिस्टेत बसत नाही. 'किती वर्षांसाठी चाललायस?' हा प्रश्न घरात कुणी विचारत नाही आणि आपणही उत्तर देत नाही. 'बघू, दोन-तीन वर्षं' असं म्हणून विषय संपतो. २१ महिन्यांनी कायमचा परवाना हातात येतो, मग मूल होतं, मूल किंडरगार्टनात जाऊन जर्मनमध्ये भांडायला लागतं, आणि दोन-तीनची आठ-दहा होतात. यात चूक कुणाची नाही. पण आई-बाबांचे निर्णय तुमच्या त्या 'बघू'वर अडलेले असतात. गावचं घर ठेवायचं की विकायचं, तिसऱ्या मजल्यावरून लिफ्ट असलेल्या इमारतीत जायचं की नाही, गुडघ्याचं ऑपरेशन तुम्ही इथे असताना उरकायचं की नंतर.

पक्कं उत्तर तुमच्याकडे नसेल तर नसू दे. तसंच सांगा, आणि दर वर्षी पुन्हा सांगा. गुडघ्याचं ऑपरेशन मात्र नोटीस पीरियडमध्येच विचारून घ्या. जुनी पॉलिसी तेव्हा चालू असते, आणि तुम्हीही घरी असता.